शाळेचे स्नेहसंमेलन आणि आपली मुले

डिसेंबर लागला की पुण्यातल्या शाळांना गॅदरिंगचे वेध लागतात. मंडईच्या अंगाला असलेल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत होतो, तिच्या पटांगणातही त्या दिवसांत मांडववाल्याचे बांबू येऊन पडत. एका बाजूने मंडईतल्या गाळ्यांवरचा गलका आणि दुसऱ्या बाजूने नाच बसवणाऱ्या बाईंची ‘वन टू थ्री फोर’ असे दोन आवाज एकदमच वर्गात शिरत आणि व्याकरणाचा तास तिथेच संपे. शाळेत गाळेवाल्यांची मुले होती, हमालांची होती, पेठांतल्या कारकुनांची होती आणि लोहियानगर-काशेवाडीतून चालत येणारी आमचीही मुले होती. शाळेचे नाव मी सांगत नाही; पुढे जे सांगायचे आहे ते त्या एकाच शाळेचे नाही.

दलितांच्या शिक्षणावर आपण पुष्कळ लिहिले आहे. गळती, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, राखीव जागा, पाठ्यपुस्तकांतली भाषा यांवर चर्चा झाल्या आहेत आणि व्हायलाच हव्यात. स्नेहसंमेलनाकडे मात्र कोणी गंभीरपणे पाहत नाही. तो करमणुकीचा दिवस समजून सोडून दिला जातो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. वर्गात काय शिकवायचे हे सरकार ठरवते, पुस्तके छापून येतात, शिक्षक ती वाचून दाखवतो. स्नेहसंमेलनाला पुस्तक नसते. तिथे कोणाला पुढे उभे करायचे, कोणाला मागे, कोणाच्या तोंडी भाषण द्यायचे आणि कोणाच्या डोक्यावर खुर्च्या द्यायच्या हे शाळा आपल्या मनाने ठरवते. म्हणून शाळेचे मन पाहायचे असेल तर ते त्या दिवशी पाहावे.

मी स्वतः सातवीत असताना माझा निबंध शाळेत पहिला आला होता. संमेलनात तो वाचून दाखवायचा होता. दोन दिवस आधी गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितले, “निबंध तुझाच आहे, पण वाचेल तो दुसरा. तुझे ‘न’ आणि ‘ण’ पाहुण्यांसमोर घोळ करतील.” दुसऱ्या मुलाने तो सुंदर वाचला. टाळ्या पडल्या. मी पडद्याची दोरी धरून उभा होतो. गुरुजींच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मला आज कळते. त्यांना फक्त शाळेची शोभा राखायची होती. पण शोभा राखायची म्हटली की आपल्यालाच आत जावे लागते, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे शिक्षक झालो तेव्हा मनाशी म्हटले होते की माझ्या हातून असे होणार नाही. ते कसे झाले, तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक जपानी शिक्षिका पाहुण्या म्हणून आल्या. त्या पुण्यात जपानी भाषा शिकवत आणि स्वतः मराठी शिकत. त्यांना एका मराठी शाळेचे गॅदरिंग तालमीपासून शेवटपर्यंत पाहायचे होते. मुले त्यांना ‘बाई’ म्हणू लागली आणि त्यांनाही ते आवडले. पंधरा दिवस त्या रोज दुपारी येऊन एका बाकावर वही घेऊन बसत.

त्यांच्याकडच्या शाळांतही असा उत्सव असतो. त्याला ‘बुन्कासाई’ म्हणतात, म्हणजे संस्कृतीचा उत्सव. बहुधा शरद ऋतूत, तेथील ३ नोव्हेंबरच्या संस्कृतिदिनाच्या मागेपुढे तो होतो. प्रत्येक वर्ग बैठक घेऊन आपण काय करायचे ते ठरवतो. कोणी नाटक बसवतो, कोणी वर्गात अंधार करून भुताचे घर मांडतो, कोणी शेवयांसारख्या पदार्थाचे दुकान लावतो. पैशाचा हिशेब मुले ठेवतात, फलक मुले रंगवतात, शिक्षक शक्यतो मागे राहतो. १९८७ पासून जपान सरकारने इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी तरुण शिक्षक शाळाशाळांत नेमले. तालीम शिक्षकांनी घ्यायची असते अशा समजुतीने आलेल्या परक्याला तिथे आपले काय काम, हेच प्रथम कळत नाही, असे बाई हसत म्हणाल्या. इथे त्यांचे उलटे झाले होते. “इथे सगळे सर आणि बाईच करतात. मुले फक्त उभी राहतात,” असे त्या म्हणाल्या. मला ते थोडे लागले, पण खोटे नव्हते.

त्या वर्षी मी स्वतः एक नाटुकले लिहिले होते. विषय सावित्रीबाई फुले. संमेलन ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीलाच होते. सावित्रीबाई शाळेत निघाल्या आहेत, वाटेत लोक शेणगोळे मारतात, त्या थांबत नाहीत, असा प्रवेश. सावित्रीबाई झाली होती एका कारकुनाची मुलगी. गोरी, पाठांतर चोख, आणि आजीची नऊवारी घरातच होती. शेणगोळे मारणाऱ्या गर्दीत आठ मुले लागत होती. गर्दीला संवाद नव्हते, पोशाख लागत नव्हता. घरच्याच कपड्यांत चालणार होते. ज्यांना ड्रेसवाल्याचे भाडे परवडत नव्हते ती मुले मी गर्दीत घातली. त्यांत वस्तीतली सहा होती.

रंगीत तालमीच्या दिवशी प्रवेश संपल्यावर जपानी बाईंनी मला विचारले, “सर, सावित्रीबाईंना दगड-शेण मारणारे लोक गरीब होते का? ते कोण होते?”

मी म्हणालो, “नाही, नाही. मारणारे सनातनी होते. गरिबांना तर त्या शिकवत होत्या.”

त्यांनी वहीकडे पाहिले, मग रंगमंचाकडे. “मग मला समजले नाही,” एवढेच म्हणाल्या.

मला मात्र समजले. ज्यांच्यासाठी सावित्रीबाईंनी शेण अंगावर घेतले त्यांच्याच पणत्यांच्या हाती मी शेण दिले होते. इतिहास उलटा उभा केला होता तो कोणा सनातन्याने नव्हे, मी, आणि तोही भाड्याच्या सोयीसाठी. पंधरा दिवस तालमी पाहिलेल्या आम्हा अठरा शिक्षकांपैकी एकालाही ते दिसले नव्हते. परक्या माणसाचा उपयोग एवढाच असतो. आपल्या डोळ्यांना जे नेहमीचे झालेले असते ते त्याला नवे असते, म्हणून तो विचारतो.

पुण्याच्या शिक्षणात परका डोळा हा काही आजचा नाही. जोतीरावांनी मुलींची शाळा पाहिली ती नगरला, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंची. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही त्यांच्याकडे झाले. १८४८ मध्ये भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. मंडईपासून तो वाडा हाकेच्या अंतरावर होता. मोडकळीला आलेला तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडण्यात आला. १८५२ मध्ये वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. आणि या शाळांचे वर्षातून एकदा जे होई ते आजच्या स्नेहसंमेलनाचे खरे मूळ आहे, असे मी मानतो. त्याला तेव्हा जाहीर परीक्षा म्हणत.

१२ फेब्रुवारी १८५३ रोजी पूना कॉलेजात अशी परीक्षा झाली. पूना कॉलेज तेव्हा विश्रामबागवाड्यात भरे. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा निघाली होती, ती ब्राह्मणांपुरती. त्याच जागी जोतीरावांच्या तीन शाळांतल्या २३७ मुली परीक्षेला बसल्या आणि आत-बाहेर मिळून तीन हजारांवर माणसे पाहायला जमली. पुण्याच्या तेव्हाच्या वस्तीच्या मानाने ही गर्दी लहान नव्हे. या समारंभाचा हेतू करमणूक नव्हता. शाळा वर्गणीवर चालत. वर्गणीदारांना हिशेब द्यायचा होता. त्याहून मोठी गोष्ट अशी की, मुली शिकू शकत नाहीत असे म्हणणाऱ्या शहराला त्या उभ्या राहून वाचताना दाखवायच्या होत्या. मुलीने तोंड उघडणे हाच त्या दिवसाचा कार्यक्रम होता.

कॉलेजचे प्रमुख मेजर थॉमस कॅंडी हे इंग्रज, मराठीचे कोशकार. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यातच सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव झाला, तो त्यांच्या हस्ते. या कॅंडीसाहेबांची आणि मुक्ता साळवे हिची एक गोष्ट सांगतात. मुक्ता ही लहुजी साळवे यांच्या घराण्यातली मांगाची मुलगी, जोतीराव-सावित्रीबाईंची विद्यार्थिनी. साहेबांनी बक्षीस म्हणून खाऊ पुढे केला तेव्हा ती म्हणाली की खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या. गोष्ट सांगोवांगीची असेल, पण तिचा निबंध सांगोवांगीचा नाही. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता, असे ती देवालाच विचारते. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचे काय होई ते लिहिते. आणि शेवटी आपल्या लोकांना अभ्यास करायला सांगते. हा निबंध तिने लिहिला आणि तो तिच्या नावाने छापला गेला. तिचे ‘न’ आणि ‘ण’ कसे होते याची कोणी चौकशी केली नाही.

यानंतर काय झाले? जाहीर परीक्षेचे बक्षीस समारंभ झाले. कॉलेजांतून ‘सोशल गॅदरिंग’ आले, त्याचे मराठीत स्नेहसंमेलन झाले आणि ते शाळांत उतरले. १८९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे निघाले. पोरांना एकसारखे कपडे घालून ओळीने नाचवायचे-गाववायचे वळण तिथले. पण त्याच पुण्यात १९२० नंतर जेधे-जवळकरांचा छत्रपती मेळाही गात होता. सत्यशोधक जलसे खेड्यापाड्यांत हिंडत होते. तमाशाचाच साचा घेऊन त्यांनी गणातला गणपती काढला आणि निर्मिकाला नमन केले. १९३० च्या सुमारास नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसा घेऊन निघाले. अक्षर न येणाऱ्याला चवदार तळे आणि काळाराम मंदिर त्यांनी ढोलकीवर समजावले. म्हणजे बोलणारी, विचार करायला लावणारी सादरीकरणाची एक जिवंत परंपरा आपल्याच घरात होती. शाळेने मेळ्याचा नाच उचलला, पुढे सिनेमाची गाणी उचलली; जलसा मात्र दाराबाहेर राहिला. आमच्या मुलांना कला नाही म्हणून ती मागे उभी नसतात. त्यांच्या घरच्या कलेला शाळेत खुर्ची नाही म्हणून ती मागे असतात.

आणि खर्चाचे काय? ज्या मंडईला आज जोतीरावांचे नाव आहे तिच्या इमारतीला जोतीरावांचाच विरोध होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नगरपालिकेने तिच्यावर मोठा खर्च करायचे ठरवले तेव्हा, हा पैसा शिक्षणाला लावा असे त्यांचे म्हणणे होते. १८८६ मध्ये इमारत उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. त्या इमारतीच्या सावलीत आमची शाळा दरवर्षी मांडवावर आणि दिव्यांवर जेवढे खर्च करी तेवढ्यात ग्रंथालयाचे एक कपाट भरले असते. मुक्ताचे मागणे अजून शिल्लक आहे.

नाटुकल्यात मी बदल केला. शेवटच्या दोन दिवसांत गर्दीतल्या मुलांना शाळेत बसवले आणि शिक्षकांपैकी तिघांनी पागोटी घालून शेणगोळे मारले. लोक हसले, पण प्रवेश सरळ झाला. समारंभ संपला, पाहुणे गेले, पटांगणभर कागद, फुले, चहाचे पेले. तेव्हा जपानी बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, “आता हे मुले कधी साफ करणार?” त्यांच्याकडे उत्सवाच्या शेवटी सगळा वर्ग मिळून झाडतो-पुसतो. उत्सवच कशाला, रोजच वर्ग आणि जिने मुले झाडतात. मी म्हणालो, सकाळी मावशी येतील. मावशी म्हणजे आमची सफाईची बाई. तिची नात त्या शाळेत पाचवीत होती.

दुसऱ्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने ठराव मांडला की संमेलनानंतर सर्व मुलांनी पटांगण झाडावे. श्रमप्रतिष्ठा, समता, सगळे शब्द वापरले. मुख्याध्यापकांनी होकार दिला. दोन दिवसांत एक पालक येऊन म्हणाले की आमच्या मुलीला झाडायला शाळेत घातलेले नाही. हे मला अपेक्षितच होते आणि उत्तरही तयार होते. पण तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांना उत्तर देता आले नाही.

त्या म्हणाल्या, “सर, माझ्या सासूच्या हातात झाडू, माझ्या हातात झाडू. पोरीच्या हातात पाटी यावी म्हणून शाळेत घातली. आन् तुमी तिथं बी झाडूच देता व्हय?”

जपानी बाईंचा झाडू आणि मावशींचा झाडू एकच नाही, हे मला तोवर कळले नव्हते. ज्या देशात झाडू कोणाच्याही जन्माला बांधलेला नाही तिथे तो सगळ्यांच्या हाती देणे सोपे आहे. पेशव्यांच्या या पुण्यात अस्पृश्याला आपली पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवले आहे. त्या शहरात ‘सर्वांनी झाडा’ असे म्हटल्याने सर्वजण एका ओळीत येत नाहीत. एकाच्या हाती झाडू हा धडा असतो, दुसऱ्याच्या हाती तो वारसा असतो. बाहेरून आणलेली चांगली रीतही आपल्या जातीच्या उंबऱ्यावर तपासून घ्यावी लागते.

आणि जपानही तितके निर्मळ नाही. कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे ज्यांच्या माथी मारली गेली त्यांच्या वस्त्यांना तिकडे ‘बुराकू’ म्हणतात. १८७१ च्या फर्मानाने त्यांची हीन नावे कायद्यातून गेली, समाजातून गेली नाहीत. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभी केली. मी बाईंना याविषयी विचारले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या घरी हा शब्द कोणी बोलत नसे.” मला त्यांचा राग आला नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही काही शब्द कोणी बोलत नसे. पण त्या देशातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९६१ मध्ये कोची शहराच्या नागाहामा भागात बुराकू वस्तीतल्या आया पुढे आल्या. सक्तीचे शिक्षण मोफत असे संविधान सांगते, मग पाठ्यपुस्तके विकत का, असे विचारून त्यांनी चळवळ उभी केली. ती देशभर गेली आणि १९६३ च्या कायद्याने जपानच्या सर्वच मुलांना पुस्तके मोफत मिळण्याची वाट मोकळी झाली. मुक्ताने ग्रंथालय मागितले, या आयांनी पुस्तके मागितली. उपेक्षितांनी मागितले ते फक्त स्वतःपुरते राहिले नाही.

मावशींशी बोलणे झाल्यावर आम्ही ठराव बदलला. त्या वर्षी पटांगण पहिल्यांदा मुख्याध्यापकांनी झाडले, मग शिक्षकांनी, मग नववी-दहावीच्या मुलांनी चिठ्ठ्या टाकून. मावशींना त्या संध्याकाळी सुटी होती आणि पुढच्या रांगेत खुर्ची होती. त्यांच्या नातीकडे वर्गणीच्या हिशेबाची वही होती. ड्रेसवाला बंद झाला. जो पोशाख सर्वांना परवडत नाही तो कोणालाच नाही, असा नियम केला. कार्यक्रमाची सुरुवात स्वागतगीताने न होता मुलांच्या निबंधांनी झाली. ज्याने लिहिला त्यानेच वाचायचा, जसा येईल तसा. एका मुलाने ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले. मागून कोणी तरी हसले. तो थांबला, पाहिले, आणि पुढे वाचत राहिला.

याने जात गेली असे मी म्हणत नाही. मी निवृत्त झाल्यावर ड्रेसवाला परत आला, हेही मला ठाऊक आहे. निबंधवाचन मात्र अजून टिकून आहे असे ऐकतो. आपल्यापैकी पुष्कळजण आज शिक्षक आहेत, पालक आहेत, शाळांच्या समित्यांवर आहेत. येत्या डिसेंबरात त्यांनी एकदा तालमीला जाऊन बसावे आणि परक्यासारखे पाहावे. लिहिले कोणी, बोलतो कोण, खर्च कोणाला झेपत नाही, आणि पाहुणे गेल्यावर मागे कोण उरते, एवढे चार प्रश्न वहीत मांडावेत. उत्तरे मुख्याध्यापकांपुढे ठेवावीत. जोतीरावांनी २३७ मुली तीन हजार माणसांपुढे उभ्या केल्या, तेव्हा शहराने त्यांच्याकडे पाहिले. आपल्या मुलांकडे शहर पाहते ते पडद्याची दोरी ओढताना. हे आता पुरे झाले.